जुनं ते सोनं, की सोनं तेवढंच उरलं?

“आता कुठी राह्यले बाप्पा तसे गाणे!” हे वाक्य आमच्या विदर्भात लग्नाच्या मांडवात, एसटीच्या थांब्यावर, जिनिंगसमोर कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली असताना, कुठेही कानावर पडतं. बोलणारे काका साधारण पन्नाशीपुढचे असतात. समोरचं विशीतलं पोरगं म्हणतं, “काका, तुमचे गाणे आयकले का झोप येते.” वाद पेटतो, चहा संपतो, निकाल लागत नाही. तो लागणारही नाही, कारण ‘जुनी गाणी भारी की नवी’ हा प्रश्न दिसायला एक आहे, पण त्यात आठवणीचा, यंत्राचा, पैशाचा आणि ऐकण्याच्या सवयीचा असे कितीतरी प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. ते सुटे करून पाहिले तर काकांचं थोडं खरं निघतं, पोराचंही निघतं, आणि दोघांच्याही नजरेतून सुटलेलं एक मोठं नुकसान दिसायला लागतं.

सुरुवात सगळ्यात सोप्या गोष्टीपासून करू. खळ्यावर तूर उफणताना वारा भूस उडवून नेतो आणि खाली दाण्यांची रास राहते. ती रास पाहून कोणी म्हणालं, ‘या वावरात भूस झालंच नाही,’ तर आपण त्याला वेड्यात काढू. काळ गाण्यांची हीच उफणणी करतो. सत्तरच्या दशकात भारतात सगळ्या भाषांत मिळून वर्षाला चारशेहून अधिक चित्रपट निघत होते. एका चित्रपटात पाच गाणी धरली तरी वर्षाची दोन हजार, दशकाची वीस हजार गाणी झाली. त्यातली आज किती आठवतात? फारच दर्दी माणूस असेल तर पाच-सातशे सांगेल. बाकीची साधारण होती, काही तर अगदीच टुकार होती. ती चार महिने वाजली आणि गेली. आजची गाणी मात्र उफणणीआधी, भुसासकट आपल्या कानावर येतात. म्हणजे आपण तुलना करतो ती तीस वर्षांतल्या निवडक गाण्यांची, आणि ती करतो या आठवड्यात आलेल्या सगळ्या मालाशी. ही कुस्ती बरोबरीची नाही.

या उफणणीत चांगला दाणाही कधी कधी उडून जातो, हे विसरू नये. चित्रपट पडला म्हणून उत्तम गाणी मागे राहिली, रेडिओवर वाजली नाहीत म्हणून विसरली गेली, असं पुष्कळदा झालं आहे. टिकलं ते सगळं श्रेष्ठच, असंही नाही.

आता गंमत अशी की ज्या काळाला आपण सुवर्णकाळ म्हणतो, त्या काळातच त्याच गाण्यांविरुद्ध मोठी ओरड होती. १९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर केंद्रात माहिती व नभोवाणी मंत्री झाले. चित्रपट संगीत उथळ होत चाललं आहे, ते पाश्चात्त्य चाली उचलतं आणि त्याने लोकांची अभिरुची बिघडते, असं त्यांचं पक्कं मत होतं. त्यांच्या कारकिर्दीत आकाशवाणीवरून चित्रपटगीतं जवळजवळ हद्दपार झाली आणि शास्त्रीय संगीताला जागा मिळाली. लोकांनी काय केलं? रेडिओची सुई फिरवून सिलोन, म्हणजे श्रीलंकेचं केंद्र, लावलं. १९५२ च्याच अखेरीस तिथे अमीन सयानींची चित्रपटगीतांची गीतमाला सुरू झाली, आणि दर बुधवारी रात्री देशभर रेडिओभोवती माणसं जमायला लागली. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीनेच चित्रपटगीतं वाजवणारी विविध भारती सुरू केली. आज काका ज्या गाण्यांवर जीव टाकतात, ती त्या वेळच्या जाणत्यांना बिघडलेली वाटत होती. केसकर अडाणी नव्हते, त्यांना संगीताची मनापासून कळकळ होती. तरीही नव्या गाण्यातलं काय टिकणार आहे हे त्यांना ओळखता आलं नाही. आज निकाल देताना आपणही तेवढं सावध असायला हवं.

पेटीचंही असंच. हार्मोनिअम हे परदेशी वाद्य, त्यात श्रुती, म्हणजे स्वरांमधले बारीक फरक, धरता येत नाहीत, म्हणून १९४० मध्ये रेडिओवर त्याला बंदी झाली आणि ती पुढे तीसेक वर्षं टिकली. आज आमच्याकडच्या कोणत्याही भजनी मंडळात पेटीशिवाय पान हलत नाही. नव्या पिढीच्या कीबोर्डला ‘परकं’ म्हणणारी मंडळीही पेटीला आपलीच मानतात.

मग आठवणीचं. उतारवयातल्या माणसांना मागचं काहीही आठवायला सांगितलं तर साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी सगळ्यात जास्त निघतात, हे मानसशास्त्रज्ञांनी पुन्हा पुन्हा तपासून पाहिलं आहे. त्या वयात सगळं पहिल्यांदा घडतं: पहिल्यांदा तालुक्याला एकट्याने जाणं, पहिली नोकरी, पहिलं प्रेम, लग्न. आपण कोण आहोत हे ठरण्याचा तोच काळ. तेव्हा कानावर पडलेलं गाणं त्या सगळ्या अनुभवाला चिकटून बसतं आणि पुढे चाळीस वर्षांनी वाजलं तरी अख्खा काळ वर येतो. म्हणून काकांना गाणं जेवढं आवडतं, त्यात थोडा वाटा गाण्याचा असतो आणि थोडा त्यांच्या विशीचा. आजच्या पोरालाही २०६० साली हेच होणार.

त्यात सवयीची भर पडते. १९६८ मध्ये रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञाने लोकांना निरर्थक शब्द आणि चिनी अक्षरांसारख्या आकृत्या दाखवल्या. काही एकदोनदा, काही पुष्कळ वेळा. ज्या जास्त वेळा दिसल्या त्या लोकांना जास्त आवडल्या, अर्थ कळत नसूनही. गाण्यालाही हे बऱ्याच अंशी लागू आहे. पूर्वी गावात दोन-चार रेडिओ, पुढे घरटी एखादा टेप आणि पाच-सहा कॅसेट. तेच गाणं शंभर वेळा ऐकलं जायचं, शेजाऱ्याच्या घरातूनही तेच यायचं. आज बोटाने वर सरकवलं की पुढचं गाणं. शंभर वेळा ऐकण्याएवढी संधी फार थोड्या गाण्यांना मिळते, आणि ज्यांना मिळते तीही गावभर सारखी नसतात. बापाच्या, पोराच्या आणि सुनेच्या मोबाईलमध्ये तीन वेगळी जगं वाजत असतात.

इथवर वाचून वाटेल की सगळा कानांचा आणि मनाचाच खेळ आहे, प्रत्यक्षात काही बदललंच नाही. तसं नाही. गाणं खरोखर बदललं आहे आणि काही बदल मोजताही आले आहेत.

स्पेनमधल्या संशोधकांनी २०१२ मध्ये १९५५ ते २०१० या काळातली सुमारे साडेचार लाख पाश्चात्त्य ध्वनिमुद्रणं संगणकाने तपासली. गाणी वर्षागणिक अधिक जोरात वाजू लागली होती, वाद्यांच्या नादातलं वैविध्य कमी झालं होतं, आणि एका स्वरावरून दुसऱ्यावर जाण्याच्या वाटाही ठरावीक होत चालल्या होत्या. हे ऐकून काकांची बाजू जिंकली असं वाटतं. पण २०१५ मध्ये लंडनच्या संशोधकांनी अमेरिकेच्या हिट यादीतली १९६० ते २०१० मधली सुमारे १७,००० गाणी पाहिली, तेव्हा वैविध्य सतत घसरत गेल्याचं दिसलं नाही. सगळ्यात एकसुरी काळ निघाला तो ऐंशीच्या दशकाचा मध्य, आणि त्यानंतर वैविध्य पुन्हा वाढलं. काय मोजलं आणि कोणती गाणी घेतली यावर उत्तर एवढं फिरतं. शब्दांबाबत चित्र जास्त स्पष्ट आहे. १९७० ते २०२० मधल्या १२,००० इंग्रजी गाण्यांचा अभ्यास २०२४ मध्ये आला. त्यात शब्दसंपत्ती सोपी होत गेलेली आणि तेच ते शब्द परत येण्याचं प्रमाण वाढलेलं दिसतं.

ही सगळी इंग्रजी, पाश्चात्त्य गाणी आहेत. आपल्या गाण्यांना हे निष्कर्ष जसेच्या तसे चिकटवू नयेत. मात्र यंत्रं तीच आहेत, आणि यंत्राने घडवलेले बदल आपल्याकडेही आलेच.

जोर म्हणजे काय

‘जोरात वाजणं’ हे जरा नीट समजून घेऊ, कारण काकांच्या निम्म्या तक्रारीचं मूळ तिथे आहे. जुन्या गाण्यात बासरी हळू, मग सारंगीचा एक तुकडा, मग कोरसबरोबर एकदम उंच, असा चढउतार असे. आता ध्वनिमुद्रणानंतर एक प्रक्रिया करतात, तिला कॉम्प्रेशन म्हणतात. ती मोठे आवाज दाबते, आणि मग सगळंच वर उचलते. हळू भाग मोठ्याच्या जवळ येतो आणि गाणं पहिल्या सेकंदापासून शेवटपर्यंत एका पातळीवर दणदणत राहतं. त्याला व्यवहारी कारण आहे. ट्रॅक्टर चालवताना, ऑटोत, कापसाच्या पराटीत वेचणी करणाऱ्या बाईच्या कमरेला खोचलेल्या मोबाईलवर गाणं ऐकू यायला हवं. तिथे सारंगीचा हळू तुकडा वाऱ्यात विरून जातो. आजचा संगीतकार त्या बारीक स्पीकरचा विचार करून गाणं बांधतो, आणि ते चूक नाही. पण शांत खोलीत बसून एकामागून एक अशी दहा गाणी ऐकली की कान थकतो. विसाव्याची जागाच ठेवलेली नसते.

त्यातून लग्नाची वरात. नागपूरकडून पसरलेलं धुमाल हे वाद्यपथक असो की डीजे, पिकअपवर भिंतीएवढे स्पीकर लावले की गाण्यातला फक्त खालचा, छातीत धडधडणारा ठेका शिल्लक राहतो. शब्द, चाल, गळा सगळं त्याखाली जातं. निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे, रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद ठेवायचे असतात. डेसिबलचं माप असं आहे की दहाने आकडा वाढला म्हणजे आवाजाची ऊर्जा दहापट झाली आणि कानाला तो जवळजवळ दुप्पट वाटतो. गावातल्या कित्येक वडीलधाऱ्यांची नव्या गाण्यांशी ओळखच अशा वरातीत होते. कोणतंही गाणं तिथे हरेल, पन्नास वर्षांपूर्वीचंसुद्धा. रिमिक्स केलेली जुनी गाणी तशी हरतातच.

दुसरं यंत्र गळ्याचं. १९९७ साली ऑटो-ट्यून नावाचं सॉफ्टवेअर आलं. गाणाऱ्याचा सूर किंचित घसरला असेल तर ते त्याला जवळच्या नेमक्या स्वरावर नेऊन बसवतं. हलक्या हाताने वापरलं तर ऐकणाऱ्याला पत्ता लागत नाही. पण आपल्या गायकीत दोन स्वरांच्या मधली जागा फार मोलाची. मींड घेताना आवाज एका स्वरावरून दुसऱ्याकडे ओघळत जातो, त्याचा जीव त्या मधल्या प्रवासात असतो. यंत्र कडक लावलं की ते त्या प्रवासाच्या पायऱ्या करतं. आवाज स्वच्छ येतो आणि कोरा येतो. माझ्या मते नव्या गाण्यांत सगळ्यात जास्त गमावलं गेलं ते इथे.

जुन्या पद्धतीत चाळीस-पन्नास वादक आणि गायक एका स्टुडिओत एकत्र उभे राहून अख्खं गाणं एकदम मुद्रित करत. कोणाचं चुकलं की सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून. म्हणून आधी तालमी व्हायच्या, आणि त्या तालमींत चालीवर, शब्दांवर हात फिरायचा. आता प्रत्येक जण वेगळ्या दिवशी, कधी वेगळ्या शहरात आपापला तुकडा देऊन जातो. काम झटपट आणि स्वस्तात होतं. मनात आलं तर आजही थाट करता येतो: २०१६ च्या ‘सैराट’साठी अजय-अतुल यांनी लॉस एंजेलिसमध्ये सिंफनी वाद्यवृंद घेऊन ध्वनिमुद्रण केलं, आणि त्या चित्रपटाच्या गाण्यांवर विदर्भातलं एकही लग्न नाचल्यावाचून राहिलं नाही. पण असा खर्च फार थोडे करतात.

गाणं तीन मिनिटांचंच का

गाण्याची लांबी कलावंतापेक्षा वस्तूने ठरवली आहे. १९०२ मध्ये कोलकात्यात गायिका गौहर जान यांच्या आवाजाचं ध्वनिमुद्रण झालं, तेव्हापासून पुढे कित्येक वर्षं तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावत. त्या मापात मुखडा, दोन-तीन अंतरे, मधले वाद्यांचे तुकडे बसवण्याची कारागिरी घडली. ऐंशीच्या दशकात कॅसेट स्वस्त झाली आणि मोठ्या कंपन्यांच्या बाहेरचे गायक पहिल्यांदा घरोघरी पोचले. आता स्ट्रीमिंग. स्पॉटिफायवर ३० सेकंद ऐकलं तरच ते ‘एकदा वाजलं’ असं मोजलं जातं आणि त्यावर पैसे मिळतात. त्याच्या आत ऐकणारा पुढे सरकला तर मेहनत फुकट. मग लांब आलाप, बासरीची सुरुवात कोण ठेवणार? अमेरिकन हिट गाण्यांत ऐंशीच्या दशकाच्या मध्यात गळा सुरू होण्याआधी सरासरी वीसेक सेकंद वाद्यं वाजत, २०१५ पर्यंत ती पाचेक सेकंदांवर आली. रील्सने पुढचं पाऊल टाकलं: पंधरा-वीस सेकंदांत पकडेल असा एक तुकडा आधी, बाकी गाणं त्याच्या भोवती.

शब्दांवर मात्र मी काकांच्या बाजूचा आहे. सुरेश भट आमच्या अमरावतीचे, जन्म १९३२ चा. त्यांच्या रचना आधी कागदावर पूर्ण उभ्या होत्या, हृदयनाथ मंगेशकरांच्या चाली त्यांना नंतर मिळाल्या आणि त्या घराघरांत गेल्या. चाल काढून टाकली तरी त्या ओळी वाचता येतात, रडवतात. मराठी भावगीताची ही मोठी परंपरा होती: कवीची कविता, तिला चाल. हिंदी चित्रपटात तेव्हाही बऱ्याचदा चाल आधी आणि शब्द नंतर असत, पण ते शब्द लिहिणारे बरेच जण मुळात उर्दू-हिंदीचे कवी होते, मुशायऱ्यांत तावून आलेले. आज गीतकाराला कायद्याचं पाठबळ जास्त आहे, २०१२ च्या दुरुस्तीने त्याचा रॉयल्टीचा वाटा सक्तीचा झाला. मिळत नाही तो वेळ. दोन दिवसांत चार ओळी, त्यातली एक वीस वेळा.

पुनरावृत्ती मुळात वाईट नसते, हेही सांगायला हवं. मोझरीच्या गुरुकुंजात तुकडोजी महाराजांनी खंजिरीवर भजनं उभी केली, त्यांत ध्रुवपद पुन्हा पुन्हा येतं, कारण ते समोरच्या हजारो माणसांनी उचलायचं असतं. तिथे लोक गाण्यात आहेत म्हणून ओळ परत येते. रीलमधली ओळ परत येते ती अंगठा थांबावा म्हणून.

आणि इथे मला त्या नुकसानीकडे यायचं आहे जे काकांनाही दिसत नाही आणि पोरालाही नाही. दोघं भांडतात ते मुंबईत तयार झालेल्या जुन्या गाण्यावरून आणि मुंबईत तयार झालेल्या नव्या गाण्यावरून. गावात साठ वर्षांपूर्वी दिवसभरात माणूस जे गाणं ऐकायचा, त्यातलं बरंचसं रेडिओचं नव्हतंच. पहाटे जात्यावरची ओवी, पोळ्याला तोरणाखाली झडत्या, भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर पोरींची भुलाबाईची गाणी, पूर्वेकडे दंडार आणि खडी गंमत ही लोकनाट्यं, गडचिरोलीत गोंडी रेला गीतं, वस्त्यावस्त्यांत गायली जाणारी भीमगीतं. यात ऐकणारा आणि गाणारा वेगळे नव्हते. पोळ्याच्या झडतीत तर त्या वर्षीचा कापसाचा भाव, सावकार, सरकार सगळं गावातल्याच कुणीतरी जुळवलेलं असे, आणि ‘एक नमन गौरा पार्बती, हर बोला हर हर महादेव’ म्हटलं की अख्खं गाव ओरडायचं.

यातलं सगळं गेलं नाही. झाडीपट्टीची, म्हणजे पूर्व विदर्भाची, नाटकं देसाईगंज-वडसा भागातून अजूनही दिवाळीनंतर गावोगाव निघतात, रात्रभर चालतात, पेटी-तबल्याशेजारी कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड बसला आहे. त्या रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. वऱ्हाडी, झाडीबोली, गोंडीतली गाणी आज गावातलीच पोरं मोबाईलवर चित्रित करून यूट्यूबवर टाकतात. हे जुन्या सुवर्णकाळात शक्य नव्हतं. नागपूर आकाशवाणी १९४८ पासून आहे, पण माइकसमोर बसायला मिळणारे मोजकेच. नव्या काळाच्या बाजूने माझ्याकडे याहून मोठा मुद्दा नाही.

ओवी मात्र जात्याबरोबर गेली. पिठाची गिरणी आली, बायांची पहाटेची ढोर मेहनत वाचली, आणि ती वाचायलाच हवी होती. हेमा राईरकर आणि गी पॉइट्वाँ या अभ्यासकांनी महाराष्ट्रातल्या बायांकडून एक लाखाहून अधिक ओव्या उतरवून घेतल्या म्हणून निदान तेवढ्या उरल्या. भुलाबाई अजून बसते, पण बऱ्याच ठिकाणी मोबाईलवर गाणं लावून पोरी टाळ्या वाजवतात. ज्यांना पन्नास-साठ गाणी तोंडपाठ आहेत अशा आज्या अजून बहुतेक गावांत आहेत.

म्हणून ज्याला गाण्याची खरंच काळजी आहे त्याने यंदा भुलाबाई बसण्याआधी एक काम करावं. आजीची परवानगी घ्यायची. फोन फ्लाइट मोडवर टाकायचा, पंखा बंद करायचा, फोन तिच्यापासून हातभर अंतरावर कापडाच्या घडीवर ठेवायचा. आधी तिचं नाव, गाव, माहेर, तारीख आणि हे गाणं कधी म्हणतात ते तिच्याच तोंडून घ्यायचं. मग मध्ये न टोकता पूर्ण गाऊ द्यायचं. ती अडली, आठवत बसली, तरी रेकॉर्डिंग थांबवायचं नाही, कारण अडल्यावर शेजारची म्हातारी पुढची ओळ देते आणि तीच कधी वेगळी निघते. त्याच दिवशी शब्द वहीत उतरवायचे, जे कळले नाहीत ते तिलाच विचारायचे. आणि दुसऱ्या दिवशी नातीला सोबत बसवून तेच गाणं दोघींच्या आवाजात परत घ्यायचं.